ट्रॉलीची पिन आणि गावची अक्कल



हंगाम तोंडावर आला की या पानावर आम्ही ऊसनोंद, तोडणी कार्यक्रम, खोडव्याची निगा, पाण्याच्या पाळ्या असल्या विषयांवर चार शब्द लिहीत असतो. यावेळचा विषय वीतभर लांबीचा आहे. ट्रॅक्टरला ट्रॉली जिथे जोडतात तिथली लोखंडी पिन. पिनेवर काय लिहायचे, असे काहींना वाटेल. आम्हांसही तसेच वाटत होते. तीन हंगामांपूर्वीच्या एका रात्रीनंतर मात्र तसे वाटेनासे झाले.

रात्री दहाचा सुमार. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर ओढ्यावरचा चढ चढत होता. रस्ता उखडलेला. पुढची ट्रॉली खड्ड्यातून उसळली आणि दोन ट्रॉल्यांमधली पिन वर उडाली. मागची भरलेली ट्रॉली उलटी उताराला लागली. तिच्या मागे तोडणी टोळीतली बैलगाडी होती. गाडीवान आणि त्याची बायको, दोघांनी उड्या टाकल्या म्हणून वाचली. बैल कुठे उडी टाकणार? एक जागीच गेला, दुसऱ्याचा पुढचा पाय मोडला. जोडी मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून खरेदी केलेली. म्हणजे बैल गेले आणि उचल राहिली.

सकाळी आम्ही जाऊन पाहिले. पिन गटारात सापडली. तिच्या खालच्या टोकाला भोक होते. त्यात अडकवायची स्प्रिंगची छोटी क्लिप नव्हती, त्या जागी तारेचा तुकडा पिळून घातलेला, आणि तोही झिजून तुटलेला. दुकानात ही क्लिप दोन कप चहाच्या पैशात मिळते.

ड्रायव्हरला सगळ्यांनी शिव्या घातल्या. आम्हीही घातल्या. पण नंतर शांतपणे विचार केला तेव्हा वाटले, चूक त्याची एकट्याची नव्हे. हंगामात ही पिन दिवसातून कितीतरी वेळा काढावी-घालावी लागते. फडात ट्रॉली सोडायची, दुसरी जोडायची, काट्यावर पुढे-मागे करायचे, गव्हाणीपाशी पुन्हा सोडायचे. अंधार, थंडी, मागच्या वाहनाचा हॉर्न. क्लिप काढायची आणि खिशात ठेवायची. खिशातून ती कधी पाचटात पडते ते कळत नाही. जी वस्तू सुटी असते ती हरवते, हा लोखंडाचा नव्हे तर माणसाचा गुण आहे. एका वर्षात तीन-चार क्लिपा हरवल्या की ड्रायव्हर तार पिळतो. आपण त्याच्या जागी असतो तर आपणही तेच केले असते.

आमच्या गटात एक वेल्डिंगचे मिस्त्री आहेत. घराणे लोहाराचे. आजोबा बैलगाडीच्या चाकांना धावा चढवीत, वडील नांगराचे फाळ शेवटायचे, आणि हे ट्रॉल्यांचे जोड काढतात. त्यांचे नाव आम्ही छापणार होतो, पण “नाव नको, नाहीतर गावातले लोक फुकट काम सांगायला येतील” असे त्यांनीच सांगितले. त्यांनी तो अपघात पाहिला आणि आठवड्याभरात एक पिन करून आणली.

कल्पना त्यांना छत्रीवरून सुचली. छत्री उघडली की दांडीतला एक छोटा खटका बाहेर येतो आणि वर गेलेली नळी त्यावर टेकते, आपोआप खाली येत नाही. खटका बोटाने आत दाबला तरच छत्री मिटते. मिस्त्रींनी पिनेच्या खालच्या टोकाला खाच पाडली, तीत तसाच खटका स्प्रिंगवर बसवला. पिन वरून घातली की खटका भोकाच्या कडेने आत दबतो, खाली पार झाला की बाहेर येतो. मग पिन उडायला पाहिली तर खटका खालच्या पट्टीला अडतो. सुटे काही नाही, हरवायला काही नाही.

पहिली पिन चार दिवस चालली. पाचव्या दिवशी खटका आत बसला तो बाहेर येईना. चिखल, बारीक पाचट आणि वर उसाचा रस ठिबकलेला, सगळे मिळून डिंकासारखे झाले होते. मिस्त्री म्हणाले, “छत्री पावसात भिजती, पण तिला ऊस कुठं वाहायचाय?” मग त्यांनी स्प्रिंगच काढून टाकली. खटका जाड पट्टीचा केला, खालच्या टोकाला एका खिळीवर झुलता ठेवला, आणि वरचा भाग असा जड केला की तो स्वतःच्या वजनाने बाहेर कलतो. खाच आरपार पाडली, म्हणजे चिखल एका बाजूने शिरला तर दुसऱ्या बाजूने गळून जावा. आणि मुख्य म्हणजे सगळे मुद्दाम ढिले ठेवले. कारखान्यातला फिटर हे पाहून हसला, म्हणाला एवढी फट कोणी ठेवते का? पण शेतातल्या लोखंडाला फट लागते. जे घट्ट बसवाल ते मातीने आणखी घट्ट होते आणि मग हातोडीशिवाय हलत नाही. ही अक्कल कोणत्या पुस्तकात आहे ते आम्हांस ठाऊक नाही. मिस्त्रींना ती आजोबांच्या भात्यापाशी मिळाली असावी.

दुसरी पिन पूर्ण हंगाम चालली.

इथवरची गोष्ट ऐकून कोणासही आनंद होईल. पुढची गोष्ट ऐकण्यासारखी नाही, पण सांगितली पाहिजे. पुढच्या वर्षी ही पिन बघून आसपासच्या चार-पाच दुकानांनी तशाच पिना केल्या. मिस्त्रींना कोणी विचारले नाही, पैसेही दिले नाहीत. ते एक असो. पण त्यांतली एक पिन भर रस्त्यात तुटली. नशिबाने सपाट रस्ता होता, मागे कोणी नव्हते. तुटकी पिन मिस्त्रींनी हातात घेतली, एकदाच पाहिली आणि म्हणाले, “खाच वर घेतली.”

हे नीट समजून घेण्यासारखे आहे. ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरच्या वरच्या आणि खालच्या पट्टीच्या मध्ये बसते आणि पिन तिघांतून आरपार जाते. ओढ बसते तेव्हा पिन जणू कात्रीत धरल्यासारखी दोन जागी कापली जाऊ पाहते: वरची पट्टी आणि दांडी यांच्या मध्ये एकदा, दांडी आणि खालची पट्टी यांच्या मध्ये एकदा. दोन पट्ट्या असल्या की पिनेला तुटायला दोन जागी तुटावे लागते, म्हणून ती एका पट्टीपेक्षा दुप्पट भार सोसते. मिस्त्रींनी खाच खालच्या पट्टीच्याही खाली घेतली होती. तिथे ओढीचा भार मुळीच येत नाही. नक्कल करणाऱ्याने पिनेची लांबी मोजली, जाडी मोजली, खटका हुबेहूब केला. पण त्याच्या गिऱ्हाइकाच्या ट्रॅक्टरच्या पट्ट्या जाड होत्या. खाच नेमकी कात्रीच्या जागी आली. जिथे पिन सर्वांत भक्कम हवी तिथे ती पोकळ झाली. रूपाची नक्कल झाली, मापाची झाली नाही.

शिवाय त्या पिनेचे पोलाद कुठले, तर बांधकामाच्या सळईचा तुकडा. आपल्याकडे ही सवय फार आहे. स्लॅबची सळई काँक्रीटमध्ये ओढ सोसण्यासाठी असते. तिच्या अंगावरच्या उंचवट्यांमुळे भोकात ती सगळीकडे टेकत नाही, धक्के खात भोक लांबट करते. पिनेला गुळगुळीत, योग्य जातीचे कठीण पोलाद लागते. हे सांगायला इंजिनियर लागत नाही, पण सांगावे लागते.

सुतार-लोहाराच्या विद्येबद्दल आपण अभिमानाने बोलतो, आणि तो खोटा नाही. टिकावाचा दांडा बघा. तो वरून घालतात, जाड टोक वर राहते. जितके जोरात हाणाल तितके पाते त्या जाड टोकाकडे जाऊन घट्ट बसते. म्हणजे जे काम पाते सैल करणार, तेच काम त्याला आवळते. बैलगाडीच्या चाकाची धाव तर त्याहून मोठी करामत. गोवऱ्यांच्या जाळात लाल केलेली लोखंडी कडी लाकडी चाकावर चढवायची आणि वर पाणी ओतायचे. लोखंड आकसते आणि आरे, पुठ्ठे, तुंबा सगळे एकमेकांत आवळले जातात. गोठ्यातले दावे बांधताना जाणता माणूस निरगाठ मारीत नाही, एका टोकाला ओढले की सुटेल अशी सुरगाठ मारतो, कारण गोठ्याला आग लागली तर गाठ सोडत बसायला वेळ नसतो. आणि आपल्या तोडणीवाल्या बाया उसाच्याच वाढ्याला पीळ देऊन मोळी बांधतात, त्यासाठी बाजारातून सुतळीचा तोडाही आणावा लागत नाही.

पण या विद्येची एक उणीव आहे आणि ती आपण कबूल करत नाही. ती हातातून हातात जाते, कागदावर येत नाही. जोवर गावचा सुतार गावच्याच गाडीचे चाक करीत होता तोवर कागदाची गरज नव्हती, गाडी त्याच्या डोळ्यांसमोर होती. आता ट्रॅक्टर एका गावचा, ट्रॉली दुसऱ्या गावची, पिन तिसऱ्या गावची. तिथे डोळ्यांचे माप पुरत नाही.

विलायतेतही हे दुखणे होते. तिथे प्रत्येक कारखाना आपापल्या आट्यांचे बोल्ट पाडी आणि एकाचा नट दुसऱ्याला बसत नसे. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या मिस्त्रीने (होय, तो मिस्त्रीच होता, पुढे सर झाला) ठिकठिकाणच्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, मोजले, त्यांचा मध्य काढला आणि 1841 साली आट्यांचे एक ठरीव माप मांडले. त्याने नवा बोल्ट शोधला नाही. सगळ्यांचा बोल्ट एक केला. आमच्या मते हाही शोधच आहे, आणि लहान नाही.

आपल्या देशाने 1956 च्या कायद्यानंतर मेट्रिक मापे घेतली, तरी आपल्या तोंडातले ‘सूत’ अजून गेले नाही. चार सुती बोल्ट म्हणजे अर्धा इंच. दुकानदार कधी तो देतो, कधी 12 मिलिमीटरचा देतो, आणि वर म्हणतो एकच आहे. एकच नाही. आट्यांचे अंतर वेगळे असते. नट दोन फेरे जातो आणि अडतो. मग आपण पाना लावून पाइप घालून फिरवतो, आटे मरतात, आणि भर हंगामात तो नट रस्त्यावर गळून पडतो. तेव्हा घरात अर्ध्या इंचाचे आणि 12 मिलिमीटरचे बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत, एवढे तरी वाचकांनी आजच करावे.

आता कोणी म्हणेल, हे सगळे ठीक, पण शोध लावणे हे मोठ्या कंपन्यांचे काम, आपण साखर काढावी. गेल्या वार्षिक सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी साधारण असेच बोलून दाखवले. त्यांच्या वयाचा मान राखून आम्ही दोन जुनी उदाहरणे त्यांच्यापुढे ठेवतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि त्यामागून लोखंडी नांगर त्यांनी केला. शेतकऱ्यांनी तो घेतला का? नाही. लोखंडाने जमिनीला विष चढते अशी समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. 1910 साली औंध संस्थानात माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि मग त्या नांगराने महाराष्ट्राची किती जमीन उलथली ते सांगायला नको. त्या दोन वर्षांत जे शेतकरी “विष चढतं” म्हणून हसले ते आपलेच पणजोबा होते हे विसरू नये. वेडे नव्हते ते. नवी वस्तू फसली तर त्यांचा हंगाम जाणार होता, किर्लोस्करांचा फक्त एक नांगर. म्हणून नवी वस्तू पारखण्याची जोखीम एकट्या शेतकऱ्यावर टाकू नये, असे आमचे मत आहे. सहकार हा शब्द अशाच कामासाठी आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरचा कारखाना उभा केला तेव्हा तरी दुसरे काय केले? एकाला न पेलणारी जोखीम अनेकांत वाटली.

दुसरे उदाहरण आपल्या ट्रॅक्टरच्या पाठीलाच लागलेले आहे. पूर्वी नांगर ट्रॅक्टरच्या मागे साखळीने किंवा दांडीने ओढीत. फाळ दगडाला अडला की चाके फिरत राहत, पुढचा भाग वर उठे आणि ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटा होई. त्यात माणसे मेली. हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयर्लंडच्या माणसाने ओढण्याची ही पद्धतच बदलली. खाली दोन दांड्या, वर एक दांडी, अशा तीन ठिकाणी त्याने अवजार ट्रॅक्टरला जोडले. आता फाळ अडला की वरची दांडी ट्रॅक्टरला पुढे ढकलते आणि पुढचा भाग उठण्याऐवजी दबतो. ज्या ओढीने पूर्वी जीव जाई, तीच ओढ आता ट्रॅक्टरला जमिनीवर धरून ठेवते. टिकावाच्या दांड्याचीच ही युक्ती, लोखंडात.

फर्ग्युसनने पेटंटे घेतली होती. तरी 1938 साली हेन्री फोर्डशी त्याने व्यवहार केला तो नुसत्या हातावर हात मारून. फोर्ड असेपर्यंत निभावले. नातवाच्या हाती कारभार गेला आणि तो करार मोडला. फर्ग्युसनने 1948 साली दावा लावला आणि 1952 साली 92 लाख 50 हजार डॉलर घेऊन तडजोड केली. म्हणजे पेटंट होते, वकील होते, पैसा होता, तरी चार वर्षे गेली. याउलट सेफ्टी पिन बघा, जी आपल्या घरातल्या बायांच्या बांगडीत कायम अडकवलेली असते. ती 1849 साली अमेरिकेतल्या वॉल्टर हंटने केली, पेटंट घेतले आणि ते 400 डॉलरला विकून टाकले. पंधरा डॉलरचे देणे फेडायचे होते म्हणतात. गरजू माणसाचा शोध असाच जातो. आपल्या मिस्त्रींचा तर तोही न होता गेला.

मग मिस्त्रींनी पेटंट घ्यायचे होते का? हा प्रश्न आम्हांस तीन-चार सभासदांनी विचारला, म्हणून थोडे खुलासेवार लिहितो. पेटंटला तीन गोष्टी लागतात: वस्तू नवी हवी, जाणकारालाही सहज सुचणार नाही अशी हवी, आणि उपयोगी हवी. नवी म्हणजे आपल्या तालुक्यात नवी नव्हे, जगात नवी. मिस्त्रींचा पुतण्या पॉलिटेक्निकला आहे. त्याने शोधून दाखवले की खटक्याच्या पिना परदेशात कधीच्या आहेत. स्प्रिंग काढून वजनाने कलणारा खटका करणे ही सुधारणा, पण तेवढ्यावर पेटंट टिकणे अवघड. मिस्त्रींना याचे वाईट वाटले नाही. “म्हणजे माझं चुकलं न्हवतं,” एवढेच म्हणाले.

ज्याची वस्तू खरोखर नवी आहे त्याने मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. अर्ज करण्याआधी ती कुठेही छापून आली, अगदी आमच्या या पत्रिकेत जरी आली, तरी नवेपण जाऊ शकते. आधी तात्पुरता अर्ज करावा, त्यानंतर संपूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात. महाराष्ट्रासाठी हे कार्यालय मुंबईला आहे. मंजूर झालेले पेटंट अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे चालते, दरसाल ठरलेली फी भरावी लागते, आणि शेतीची निव्वळ पद्धत, म्हणजे सरी अमुक फुटांची पाडावी असले काही, पेटंटमध्ये बसत नाही. अवजार बसू शकते. यंत्राचे शिक्षण नसलेल्या माणसांनी हे करून दाखवले आहे. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानी यांनी बुलेट मोटारसायकलचे मागचे चाक काढून तिथे औत जोडण्याची सोय केली, तिला भारतातच नव्हे तर अमेरिकेतही पेटंट मिळाले. मध्य प्रदेशात नरसिंहपूर जिल्ह्यात रोशनलाल विश्वकर्मा यांनी उसाच्या कांडीचा नुसता डोळा कापून काढणारे हातयंत्र केले. बेण्याचा किती ऊस वाचतो हे रोपवाटिकावाल्यांना विचारा. अशा माणसांचा शोध घ्यायला अहमदाबादचे प्रा. अनिल गुप्ता गावोगाव चालत फिरले, आणि 2000 साली त्यासाठी राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानही निघाले. ही मदत फुकट आहे, पण दारात चालत येत नाही. तिकडे कागद पाठवावा लागतो, आणि आमच्या मिस्त्रीला कागदाची भीती वाटते.

म्हणून आमचे म्हणणे असे की हा कागद कारखान्याने करावा. पावसाळ्यात गळीत बंद असते, वर्कशॉपमध्ये रोलर उतरवलेले असतात, फिटर, टर्नर, वेल्डर कामावर असतातच. त्यांच्यापैकी दोघांना आठवड्यातून एक दिवस सभासदांच्या आणि कारागिरांच्या वस्तू तपासायला द्यावा. वस्तू आली की तिचे चित्र काढावे, मापे लिहावीत, पोलाद कोणते ते लिहावे, कोणी केली ते तारखेसह नोंदवहीत लिहावे. मग ती भार देऊन मोडून बघावी. मोडून बघण्याला आम्ही फार महत्त्व देतो. आपल्याकडे वस्तूची पूजा होते, हार पडतो, फोटो निघतो, मोडून कोणी बघत नाही. ती मग रस्त्यावर मोडते. नंतर कारागिराला विचारावे: पेटंटच्या वाटेला जायचे आहे का? जायचे असेल तर नोंद बंद ठेवून अर्जाला मदत करावी. नसेल तर त्याच्या संमतीने चित्र आणि मापे या पत्रिकेत छापावीत आणि कारखान्याने त्याला एकदा ठरीव बक्षीस द्यावे. किती, ते संचालक मंडळाने ठरवावे. आमची अपेक्षा एवढीच की ती रक्कम शाल-श्रीफळाच्या खर्चापेक्षा जास्त असावी.

आणखी एक. वस्तू कोणाकडून मागवायच्या? सभासद ट्रॅक्टरवाला आहे, मिस्त्री आहे, हे ठीक. पण ज्यांच्या अंगावर काम पडते त्यांना आपण विचारतच नाही. नवरा-बायकोच्या जोडीला आपण एक ‘कोयता’ म्हणतो, माणसांचे नावच हत्यारावरून ठेवले. त्या कोयत्याची मूठ कशी हवी, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढताना पाय कुठे घसरतो, हे त्या बाईइतके कोणाला ठाऊक? एका फडात आम्ही एक फळी पाहिली. तिच्यावर जुन्या टायरच्या पट्ट्या आडव्या ठोकल्या होत्या. कोणी केले विचारले तर एक पोरसवदा बाई तोंडाला पदर लावून हसली. गेल्या वर्षी ती पोटुशी असताना घसरली होती, म्हणून नवऱ्याकडून ठोकून घेतल्या, असे शेजारणीने सांगितले. त्या पट्ट्या सगळ्या फळ्यांवर ठोकायला कारखान्याला किती खर्च येईल? पंक्चरच्या दुकानामागे टायर पडलेलेच आहेत. नोंदवहीत पहिली नोंद त्या बाईची व्हावी असे आम्हांस वाटते, पिनेची दुसरी.

यावर आक्षेप येतील ते आम्हांस दिसतात. वाहतूकदार म्हणतील, कारखान्याने आमच्या पिनेत लक्ष घातले तर उद्या अपघाताची जबाबदारीही घ्यावी. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कायदेशीर सल्ला घ्यावा लागेल. पण आज मागच्या लाल परावर्तक पट्ट्या लावल्यात की नाही ते आपण बघतोच ना? ते बघितले म्हणून अपघात आपल्या माथी आला नाही. फिटर म्हणतील, आमच्याकडे आधीच माणसे कमी. ते खरे आहे. म्हणून आम्ही आठवड्यातून एकच दिवस म्हणतो, तोही गळीत बंद असताना.

तोवर या हंगामापुरते थोडके करता येईल. वाहतूक करार करताना प्रत्येक ट्रॉलीची पिन काढून पाहावी. त्यासाठी पत्र्याचे एक साधे माप कापून ठेवावे: एका बाजूची खाच नव्या पिनेच्या जाडीची, दुसऱ्या बाजूची तीन मिलिमीटरने अरुंद. पिन अरुंद खाचेत गेली म्हणजे ती झिजली, बदला. यात वाद नाही, वाचावे लागत नाही, कोणाच्या ओळखीचा उपयोग नाही. पिनेशिवाय एक जाड साखळी दांडीपासून मागच्या ट्रॉलीला असावीच, पिन गेली तर साखळी धरेल. आणि क्लिप वापरणार असाल तर ती छोट्या साखळीने पिनेलाच अडकवलेली असावी. ज्यांना मिस्त्रींची खटक्याची पिन हवी आहे त्यांनी आपल्या ट्रॅक्टरच्या दोन्ही पट्ट्यांची जाडी आणि मधले अंतर मोजून चिठ्ठीवर लिहून न्यावे. चिठ्ठीशिवाय आलेल्या गिऱ्हाइकाला पिन देणार नाही, असे त्यांनी दुकानावर खडूने लिहून ठेवले आहे.

त्या गाडीवानाचे काय झाले, असे काहीजण विचारतात. वाहतूकदाराने काही रक्कम दिली, आणि काट्यावरच्या सभासदांनी वर्गणी काढली ती एका बैलाला पुरली. पुढच्या हंगामात तो आला तेव्हा जोडीतला दुसरा बैल भाड्याचा होता. त्याच्या गाडीच्या जुवाजवळ एक पिन लटकत होती. मिस्त्रींनी दिलेली, खटक्याची. बैलगाडीला ती कुठेच बसत नाही. आम्ही विचारले तर म्हणाला, “असू द्या. फुडच्या ट्रॉलीवाल्याला दाखवतो, तुझी बघू म्हणतो, मगच मागनं गाडी घालतो.”